अपयशाचा ताळेबंद : एका रॅली संघाच्या दोन कारकिर्दी

कोणत्याही उद्योगाच्या वाटचालीत एक कठीण प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. चालू उपक्रमात पैसा गुंतलेला आहे, माणसे राबत आहेत, परंतु अपेक्षित फळ मिळत नाही. अशा वेळी उपक्रम बंद करावा, की अधिक भांडवल घालून त्याला उभारी द्यावी? कर्जप्रस्तावाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला हा प्रश्न जितका परिचित, तितकाच तो कारखानदारालाही परिचित असतो. या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे एकाच कंपनीने एकाच क्षेत्रात दिली आणि त्यांचे परिणामही जगासमोर आले. हे क्षेत्र म्हणजे जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा आणि ही कंपनी म्हणजे दक्षिण कोरियाची ह्युंदाई. चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथील कारखान्यामुळे ही कंपनी भारतीयांच्या चांगल्या परिचयाची आहे. विशेष म्हणजे ज्या दोन गाड्यांच्या नावाने तिने ही स्पर्धा लढवली, त्या ‘अ‍ॅक्सेंट’ आणि ‘आय-२०’ या दोन्ही भारतीय रस्त्यांवर सर्रास दिसलेल्या आहेत.

स्पर्धेचे स्वरूप

रॅली ही बंदिस्त धावपट्टीवरील शर्यत नव्हे. बर्फ, माती, खडी आणि डांबर अशा नानाविध रस्त्यांवर, ठरावीक अंतराच्या टप्प्यांमध्ये एकेक गाडी स्वतंत्रपणे सोडली जाते आणि सर्व टप्प्यांच्या वेळेची बेरीज करून क्रम ठरतो. चालकाच्या शेजारी सहचालक बसतो आणि आधी तयार केलेल्या टिपणांवरून पुढील वळणांची माहिती क्षणाक्षणाला वाचून दाखवतो. टप्प्यांच्या दरम्यान दुरुस्तीसाठी मोजकाच वेळ मिळतो. वर्षभरातील रॅलींचे गुण एकत्र करून दोन प्रमुख विजेतेपदे दिली जातात : एक चालकाचे आणि दुसरे उत्पादक संघाचे. चालकाचे विजेतेपद व्यक्तीच्या कौशल्यावर प्रकाश टाकते, तर उत्पादकाचे विजेतेपद संपूर्ण संस्थेच्या कार्यक्षमतेचे मोजमाप करते.

पहिली कारकीर्द : अर्धवट भांडवलाची किंमत

ह्युंदाईने २००० साली स्वीडनच्या रॅलीत ‘अ‍ॅक्सेंट’ घेऊन सर्वोच्च गटात प्रवेश केला. गाडीची बांधणी व संघाचे संचालन कंपनीने स्वतःकडे ठेवले नव्हते. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथील एका खासगी मोटारक्रीडा संस्थेकडे ते सोपवले होते. ही पद्धत त्या काळी रूढच होती. केनेथ एरिकसन आणि अ‍ॅलिस्टर मॅक्रे हे अनुभवी चालक संघात होते. परंतु प्रतिस्पर्धी होते प्यूजो, फोर्ड, सुबारू आणि मित्सुबिशी यांच्यासारखे मुरलेले संघ. ह्युंदाईच्या गाडीला वेग आणि टिकाऊपणा या दोन्ही बाबतींत त्यांची बरोबरी करता येईना.

२००१ साली सुधारित आवृत्ती आली. वर्षअखेरीस ब्रिटनच्या रॅलीत मॅक्रे चौथा आला. पुढील वर्षी आर्मिन श्वार्त्झ, फ्रेडी लोइक्स आणि चार वेळचा जगज्जेता युहा कान्कुनेन यांना पाचारण करण्यात आले. त्या हंगामात संघाने उत्पादकांच्या तक्त्यात चौथे स्थान मिळवले. हे स्थान कागदावर समाधानकारक दिसते. परंतु आकडे पाहिले की चित्र पालटते. विजेत्या प्यूजोचे गुण १६५, तिसऱ्या सुबारूचे ६७ आणि चौथ्या ह्युंदाईचे अवघे १० होते. ताळेबंदातील एखादी ओळ सुबक दिसली म्हणून व्यवसाय सुदृढ असतोच असे नाही, हे येथे स्पष्ट होते.

गाडीचा विकास ही सतत खर्च मागणारी प्रक्रिया आहे. चाचण्या घ्याव्या लागतात, सदोष भाग बदलून पुन्हा तपासावे लागतात आणि प्रतिस्पर्धी तोवर थांबत नाहीत. २००३ मध्ये निधीची चणचण तीव्र झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, हंगाम पूर्ण होण्यापूर्वीच, ह्युंदाईने स्पर्धेतून माघार घेतली. जवळपास चार हंगामांत ‘अ‍ॅक्सेंट’ला एकदाही पहिल्या तिघांत येता आले नाही. २००६ मध्ये परतण्याचा मानस कंपनीने व्यक्त केला होता. तोही त्या वेळी प्रत्यक्षात उतरला नाही.

या अपयशाचा दोष चालकांना देणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. मूळ उणीव रचनेतच होती. निर्णय घेणारे कोरियात, गाडी घडवणारे इंग्लंडमध्ये, आणि उद्दिष्टाच्या मानाने निधी तोकडा. उद्दिष्ट मोठे आणि तरतूद लहान असली, की उपक्रम ना बंद पडतो ना वाढतो. तो केवळ झिजत राहतो.

दुसरी कारकीर्द : स्वतःच्या घराची पायाभरणी

सुमारे नऊ वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ह्युंदाईने ‘आय-२०’ची रॅली आवृत्ती मांडली. या वेळी मात्र काम बाहेरच्या संस्थेकडे न देता जर्मनीतील आल्झेनाऊ येथे स्वतःची मोटारक्रीडा कंपनी स्थापन करण्यात आली. टोयोटा, प्यूजो आणि सुझुकी या संघांचा अनुभव असलेले अभियंते मिशेल नांदान यांची संघप्रमुखपदी नियुक्ती झाली. कार्यशाळा उभारणे, माणसे निवडणे आणि गाडी तयार करणे ही सारी कामे जवळपास एका वर्षात उरकायची होती.

जानेवारी २०१४ मध्ये मॉन्टे कार्लोच्या रॅलीत पदार्पण झाले. बेल्जियमचा तरुण चालक थिएरी न्यूव्हिल पहिल्याच टप्प्यात अपघातग्रस्त झाला, तर स्पेनच्या दानी सोर्दोची गाडी आघाडीच्या चालकांत असताना विद्युत बिघाडाने बंद पडली. सुरुवात निराशाजनक होती. पण तिसऱ्याच रॅलीत, मेक्सिकोमध्ये, न्यूव्हिल तिसरा आला. अखेरचा टप्पा संपल्यावर परतीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीचा रेडिएटर गळू लागला. तेव्हा त्याने आणि सहचालकाने हाताशी असलेल्या बिअरच्या बाटलीतील द्रव त्यात ओतून गाडी कशीबशी मुक्कामी आणली. या प्रसंगाचे सर्वत्र कौतुक झाले. तथापि व्यवस्थापनाच्या दृष्टीने त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे : प्रसंगावधान स्तुत्य खरे, पण रेडिएटर गळू नये ही जबाबदारी कार्यशाळेची असते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीच्या रॅलीत संघाच्या खऱ्या कसोटीचा क्षण आला. स्पर्धेपूर्वीच्या सराव फेरीत न्यूव्हिलची गाडी उलटत द्राक्षमळ्यात जाऊन पडली. ती पुन्हा उभी राहील अशी आशा फारच थोड्यांना होती. मेकॅनिकांनी अहोरात्र खपून गाडी वेळेत सज्ज केली. पुढे फोक्सवागन आणि सिट्रोएनचे आघाडीवरील चालक एकामागून एक रस्त्याबाहेर गेले आणि न्यूव्हिल पहिला, सोर्दो दुसरा, असा संघाचा पहिलावहिला विजय नोंदला गेला. प्रतिस्पर्ध्यांच्या चुका हा नशिबाचा भाग म्हणता येईल. परंतु त्या नशिबाचा लाभ घेण्यासाठी गाडी स्पर्धेत उभी असावी लागते, आणि ती उभी केली होती न झोपलेल्या मेकॅनिकांनी.

प्रगतीचा संथ आलेख

या विजयानंतर यशाची मालिका सुरू झाली असे मात्र नाही. २०१५ या संपूर्ण हंगामात संघाला एकही विजय मिळाला नाही. पहिल्या कारकिर्दीत अशाच टप्प्यावर कंपनीचा हात आखडला होता. या वेळी गाडीच्या विकासाचे काम सुरूच राहिले. जानेवारी २०१६ मध्ये नवी ‘आय-२०’ मैदानात उतरली. एप्रिलमध्ये अर्जेंटिनात हेडन पॅडनने आणि जूनमध्ये सार्डिनियात न्यूव्हिलने विजय मिळवला. २०१४ मध्ये चौथा, २०१५ मध्ये तिसरा आणि २०१६ मध्ये दुसरा, अशी उत्पादकांच्या तक्त्यातील चढण पाहिली म्हणजे गुंतवणुकीचे फळ वर्षाच्या विजयसंख्येवरूनच मोजू नये, हे लक्षात येते.

२०१७ पासून नियम बदलले. इंजिनांची शक्ती सुमारे ३८० अश्वशक्तीपर्यंत वाढली. फोक्सवागन संघाने २०१६ अखेर माघार घेतली होती. विजेतेपदाची दारे उघडली होती आणि ह्युंदाईची गाडी वेगवान होती. न्यूव्हिलने त्या वर्षी चार रॅली जिंकल्या, इतर कोणाहीपेक्षा जास्त. तरीही विजेता ठरला दोनच रॅली जिंकलेला सेबास्तियन ओजिए. गुणांचे अंतर होते २३२ विरुद्ध २०८, म्हणजे २४. एका विजयाचे गुण २५ असतात. आणि हंगामाच्या पहिल्या दोन्ही रॅलींत, मॉन्टे कार्लो व स्वीडन येथे, भक्कम आघाडीवर असताना न्यूव्हिलने गाडीचे नुकसान करून घेतले होते. जास्त परतावा देणारी परंतु अधूनमधून मुद्दलच गमावणारी गुंतवणूक, आणि मध्यम पण अखंड परतावा देणारी गुंतवणूक, यांतील फरक याहून स्पष्टपणे क्वचितच दाखवता येईल.

२०१८ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. सार्डिनियात ओजिएला अवघ्या ०.७ सेकंदाने मागे टाकल्यावर न्यूव्हिलकडे २७ गुणांची आघाडी होती. हंगामाच्या अखेरीस ती वितळली आणि ऑस्ट्रेलियातील शेवटच्या रॅलीत विजेतेपद पुन्हा ओजिएकडे गेले.

व्यवस्थापनातील बदल

जानेवारी २०१९ मध्ये नांदान यांच्या जागी आंद्रेआ आदामो यांच्याकडे सूत्रे आली. नांदान यांनी संघ शून्यातून उभा केला होता. आदामो यांच्यापुढचे काम वेगळे होते, उभ्या संघाकडून विजेतेपद मिळवण्याचे. उत्पादकांच्या गुणांसाठी संघातील सर्वोत्तम दोन गाड्या धरल्या जात. हे ध्यानात घेऊन न्यूव्हिल वगळता अन्य चालकांची निवड प्रत्येक रॅलीच्या रस्त्यानुसार होऊ लागली. नऊ वेळचा जगज्जेता सेबास्तियन लोएब याला निवडक रॅलींसाठी करारबद्ध करण्यात आले. ज्या रस्त्यावर ज्याचा हात बसलेला, तेथे त्याला संधी. या धोरणाने चालकांपैकी काहींना घरी बसावे लागले आणि नाराजीही ओढवली असेल. परंतु २०१९ च्या अखेरीस ३८० विरुद्ध ३६२ गुणांनी टोयोटाला मागे टाकून ह्युंदाईने पहिले उत्पादक विजेतेपद मिळवले. वणव्यांमुळे ऑस्ट्रेलियाची अखेरची रॅली रद्द झाल्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. महामारीमुळे सात रॅलींपुरत्या मर्यादित झालेल्या २०२० च्या हंगामात २४१ विरुद्ध २३६ गुणांनी ते राखलेही.

यशानंतरचा धोका वेगळाच असतो. २०२२ पासून विद्युत मोटारीची जोड असलेल्या संकरित गाड्यांचे युग सुरू होणार होते. त्या गाडीसाठी कंपनीचा अंतिम होकार उशिरा आला आणि तयारीला वेळ अपुरा पडला. ऐन हंगामाच्या तोंडावर, डिसेंबर २०२१ मध्ये, आदामो संघातून बाहेर पडले. २०२२ च्या मॉन्टे कार्लोत गाड्या बिघाडांनी जेरीस आल्या. वर्षभरात संघ सावरला, पाच रॅलीही जिंकल्या. परंतु दोन्ही विजेतेपदे टोयोटाकडे गेली. निर्णयातील विलंबाचे व्याज पुढे वर्षभर भरावे लागते ते असे.

२०२३ मध्ये सिरिल आबितबूल संघप्रमुख झाले. त्याच एप्रिलमध्ये क्रोएशियातील रॅलीपूर्वीच्या चाचणीत चालक क्रेग ब्रीन याचा अपघाती मृत्यू झाला. गुणतक्त्यांच्या हिशेबात न बसणारी ही हानी या क्षेत्रातील जोखमीचे खरे स्वरूप दाखवून गेली.

विजय आणि त्याची किंमत

नोव्हेंबर २०२४ मध्ये जपानच्या रॅलीत अखेर तो दिवस उजाडला. पाच वेळा उपविजेता राहिलेल्या न्यूव्हिलला गाठण्याची शक्यता आता फक्त त्याच्याच संघातील ओट टॅनक याला होती. अखेरच्या दिवशी टॅनकची गाडी रस्त्याबाहेर गेली आणि न्यूव्हिल जगज्जेता झाला. ह्युंदाईच्या चालकाला मिळालेले हे पहिलेच विजेतेपद. मात्र त्याच अपघाताने संघाचे मोलाचे गुण बुडाले आणि उत्पादक विजेतेपद टोयोटाने ५६१ विरुद्ध ५५८, म्हणजे केवळ तीन गुणांनी पटकावले. एकाच घटनेची एक नोंद जमेच्या बाजूस, दुसरी नावेच्या बाजूस! त्या हंगामात न्यूव्हिलने दोनच रॅली जिंकल्या होत्या. २०१७ मध्ये चार जिंकूनही जे हुकले, ते सातत्याने मिळवून दिले.

निष्कर्ष

दोन्ही कारकिर्दी शेजारी ठेवून पाहिल्या असता काही गोष्टी ठळकपणे नजरेत भरतात. पहिली, उद्दिष्ट आणि तरतूद यांचे प्रमाण जुळले पाहिजे. दुसरी, मूलभूत कौशल्य स्वतःच्या संस्थेत रुजवले पाहिजे. तिसरी, उभारणीसाठी लागणारे नेतृत्व आणि स्पर्धा जिंकण्यासाठी लागणारे नेतृत्व यांचे गुण भिन्न असू शकतात. चौथी, विजयांच्या संख्येपेक्षा न हरण्याचे सातत्य अधिक मोलाचे ठरते. आणि पाचवी, योग्य निर्णयही उशिरा घेतला तर त्याची किंमत मोजावी लागते.

‘अ‍ॅक्सेंट’ बंद करण्याचा २००३ चा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. अपुऱ्या निधीवर चाललेला तो उपक्रम चालू ठेवण्यात फारसा अर्थ उरला नव्हता. परंतु तो बंद करताना अपयशाची कारणे कंपनीने विसरली नाहीत, हे तिच्या दुसऱ्या उभारणीवरून दिसते. बुडीत खाते बंद करणे हे एक काम. ते का बुडाले याची नोंद जपून ठेवणे हे दुसरे. पहिले काम नियमाने होते. दुसरे विवेकाने करावे लागते, आणि पुढच्या यशाची पायाभरणी बहुधा त्या दुसऱ्या कामातच होत असते.