सर्व्हरची आवृत्ती बदलली. आता पॅकेज का बसत नाही?

दुकानाची बिले, गोदामातील साठा, कारागिरांची मजुरी आणि गिऱ्हाइकांची उधारी आता पुष्कळ ठिकाणी एका लहानशा सर्व्हरवर असते. परवान्याचे पैसे भरावे लागत नाहीत म्हणून त्यावर बहुधा लिनक्स बसवलेले असते. बसवणारा बसवून जातो. चार-पाच वर्षांनी आवृत्ती जुनी होते, कोणीतरी ती बदलून देतो, यंत्र पुन्हा सुरू होते आणि सर्व ठीक वाटते. मग एके दिवशी नवा प्रिंटर जोडायचा असतो किंवा बिलावर दुकानाचे चित्र छापायचे असते. त्यासाठी लागणारे पॅकेज मागितले की पडद्यावर 'अनेबल टू लोकेट पॅकेज' असे उत्तर येते. पॅकेज जगातून नाहीसे झालेले नसते. आपला सर्व्हर ते चुकीच्या पत्त्यावर किंवा जुन्या नावाने शोधत असतो, एवढेच.

उदाहरणासाठी डेबियन घेऊ. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेले हे लिनक्स सर्व्हरसाठी फार वापरले जाते. त्याची ११ वी आवृत्ती 'बुल्सआय' ऑगस्ट २०२१ मध्ये, १२ वी 'बुकवर्म' जून २०२३ मध्ये आणि १३ वी 'ट्रिक्सी' ऑगस्ट २०२५ मध्ये आली. ११ वरून एकदम १३ वर उडी मारण्याचा मोह होतो, पण डेबियनला तो मार्ग मान्य नाही. एक-एक पायरीच चढावी लागते. आपण ११ वरून १२ वर आलो आहोत असे धरू.

डेबियनचा पॅकेज मॅनेजर म्हणजे एपीटी. त्याला खरेदीचा मुनीम समजावे. कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल आणायचा त्यांचे पत्ते त्याच्या वहीत असतात. 'एपीटी अपडेट' म्हटले की तो सर्वांकडून फक्त मालाची यादी आणतो, माल नाही. 'एपीटी इन्स्टॉल' म्हटले की त्या यादीतून माल आणतो आणि त्याबरोबर लागणारे सुटे भागही आणतो. यादीच जुनी असेल तर मुनीम काय करील?

पत्त्यांची ही वही 'सोर्सेस डॉट लिस्ट' नावाच्या फाइलीत असते. तिच्या शेजारी 'सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी' नावाचे फोल्डर असते आणि घोटाळा बहुतेक वेळा तेथेच असतो. मुख्य फाइलीत 'बुल्सआय' खोडून 'बुकवर्म' लिहिले जाते. पण पूर्वी कोणी बाहेरच्या कंपनीचा पत्ता या फोल्डरात घातला असेल तर तो तसाच राहतो किंवा बंद करून ठेवलेला असतो. म्हणून पॅकेज मागण्याआधी 'एपीटी अपडेट' चालवावे आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचावी. ४०४ हा आकडा दिसला तर त्या पत्त्यावर माल उरलेला नाही. सहीची किल्ली नाही असा इशारा आला तर त्या कंपनीची नवी किल्ली तिच्याच अधिकृत ठिकाणाहून घ्यावी. सही न तपासता माल घेण्याची सवलत एपीटीत आहे. हिशेबाच्या यंत्रावर ती कधीही वापरू नये.

आता नावांचा प्रश्न. ११ मध्ये पीएचपी ७.४ होते, १२ मध्ये ८.२ आहे. बिलाचा प्रोग्राम पीएचपीत असेल आणि आपण 'पीएचपी ७.४-जीडी' मागितले तर ते मिळणार नाही. आकडा न घालता 'पीएचपी-जीडी' मागावे, म्हणजे चालू आवृत्तीचे पॅकेज येते. मात्र अपाची अजून जुन्याच ७.४ च्या मॉड्यूलवर चालत असेल तर नवे पॅकेज बसूनही बिलावर चित्र येणार नाही. जुने मॉड्यूल बंद करून नवे चालू करावे लागते. शिवाय ७.४ साठी लिहिलेला प्रोग्राम ८.२ वर अडखळू शकतो. ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधीच विचारलेले बरे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, गिऱ्हाईक समोर उभे असताना, हे विचारण्याची पाळी येऊ नये.

कोणी मोबाइलवरून एखादी सुटी डेब फाइल पाठवतो आणि 'फोर्स' करून बसवा म्हणतो. अशी फाइल बसते खरी. पण तिचे सुटे भाग जुळत नाहीत, आणि त्यानंतर एपीटी प्रत्येक खरेदीला अडून बसतो.

सर्वांत मोठी जोखीम डेटाबेसची. उधारीची खाती पोस्टग्रेसमध्ये असतील तर हे नीट ध्यानात घ्यावे. ११ मध्ये पोस्टग्रेस १३ होता, १२ मध्ये १५ आहे. आवृत्ती बदलल्यावर १५ बसतो, पण आपली खाती आपोआप त्यात जात नाहीत. जुना १३ आपल्या ५४३२ या पोर्टवर सर्व माहितीसह चालूच असतो आणि नवा १५ शेजारी ५४३३ वर रिकामा उभा असतो. हे माहीत नसलेला माणूस १३ ला अडगळ समजून 'पर्ज' करतो. त्या वेळी माहितीही पुसायची का असा प्रश्न पडद्यावर येतो. घाईत 'हो' म्हटले की वर्षांची उधारी गेली, आणि मग ती कोणाच्या तोंडी आठवणीतून उभी करणार?

योग्य क्रम असा. प्रथम सर्व खात्यांची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. १५ चा भाग खरोखर रिकामा आहे हे डोळ्यांनी पाहावे व तोच काढावा. मग 'पीजी अपग्रेडक्लस्टर' या आज्ञेने १३ ची माहिती १५ मध्ये न्यावी. ही आज्ञा माहितीची नक्कल करते, म्हणून डिस्कवर तेवढी मोकळी जागा हवी. काम झाले की १५ कडे ५४३२ हा पोर्ट येतो आणि १३ बंद होऊन पडून राहतो. तो पडू द्यावा. महिनाअखेरचा रोजमेळ आणि उधारीची बेरीज जुन्या छापील कागदाशी ताडून पाहावी, आणि जुळली तरच १३ काढावा.