पत्र्याला शेवटची हलकी लाटणी कशासाठी?

घरातील पोलादी कपाटाचे दार किंवा मोटारीचे बॉनेट जवळून पाहा. त्यांचा पत्रा कसा गुळगुळीत असतो! परंतु तो तयार करताना योग्य काळजी घेतली नाही, तर साच्यात दाबताच त्यावर ज्वाळांच्या आकाराचे वेडेवाकडे पट्टे उमटतात. ते बोटांना जाणवतात आणि रंग दिला तरी लपत नाहीत. हा दोष का येतो व कसा टाळतात, ते आज पाहू.

प्रथम लालबुंद पोलाद रुळांमधून लाटून दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा करतात. त्यावरील काळी खपली आम्लाने काढून टाकतात आणि मग तो न तापवता पुन्हा लाटतात. थंड लाटणीने पत्रा पातळ व गुळगुळीत होतो, पण फार कठीणही होतो. तार एकाच जागी पुनःपुन्हा वाकवली की ती कडक होऊन तुटते, तसाच हा प्रकार. म्हणून पत्रा सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मऊ करतात. याला ‘अनुशीतन’ म्हणतात.

पत्रा मऊ झाला, म्हणजे काम संपले असे तुम्हाला वाटेल. पण खरी अडचण येथेच सुरू होते. या पत्र्याची एक पट्टी ओढून पाहू. सुरुवातीला ती हुकच्या नियमाप्रमाणे थोडी थोडी लांबते. एका मर्यादेनंतर मात्र लागणारा जोर एकाएकी कमी होतो आणि पट्टी एखाद्याच जागी कायमची ताणली जाते. शेजारचा भाग अजून तसाच असतो. ताणलेला भाग किंचित पातळ होतो, म्हणून तो पट्ट्यासारखा उठून दिसतो. ल्यूडर्स यांनी १८६० साली अशा पट्ट्यांचे वर्णन केले. त्यांना आज ‘ल्यूडर्स पट्टे’ म्हणतात.

असे का घडते? धातूच्या स्फटिकात अणूंच्या रांगा सर्वत्र अचूक नसतात. जेथे रांग चुकलेली असते त्या रेषेला ‘स्थानभ्रंश’ म्हणतात. या रेषा सरकतात, म्हणूनच धातूला नवा आकार देता येतो. पोलादात कार्बन व नायट्रोजन यांचे लहान अणू असतात. ते या रेषांभोवती गोळा होऊन त्यांना जखडून ठेवतात. चिखलात रुतलेली बैलगाडी आठवा. ती बाहेर काढायला मोठा जोर लागतो, पण एकदा सुटली की ती थोड्या जोरानेही चालते. स्थानभ्रंशांचेही तसेच आहे. एका जागी ते सुटले की तेवढाच भाग भराभर ताणला जातो. ही उपपत्ती कॉट्रेल व बिल्बी यांनी १९४९ साली मांडली.

कारण कळले की उपाय सापडतो. अनुशीतनानंतर पत्रा रुळांमधून पुन्हा एकदा, पण अगदी हलका लाटतात. कारखान्यात याला ‘स्किन पास’ म्हणतात. यात जाडी साधारण एक टक्काच घटते. म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा मिलिमीटरच्या फक्त शंभराव्या भागाने पातळ होतो! परंतु तेवढ्याने पत्र्यात जागोजागी मोकळे स्थानभ्रंश निर्माण होतात. मग साच्यात दाबताना पत्रा सगळीकडे सारखा ताणला जातो आणि पट्टे उमटत नाहीत.

मात्र हा गुण कायम टिकतोच असे नाही. पत्रा गोदामात पडून राहिला, तर नायट्रोजनाचे अणू हळूहळू सरकत पुन्हा स्थानभ्रंशांपाशी जमतात आणि जुना दोष परत येतो. म्हणून आधी आलेली गुंडाळी आधी वापरावी, असा नियम पाळतात. याहून पक्का उपाय पोलाद वितळलेले असतानाच करतात. त्यात थोडे ॲल्युमिनियम घातले, तर पुढे पत्रा योग्य रीतीने तापवून त्यातील नायट्रोजन ॲल्युमिनियमशी संयोग पावेल असे करता येते. असा बांधला गेलेला नायट्रोजन मग स्थानभ्रंशांकडे जाऊ शकत नाही. काही पोलादांत टायटॅनियम किंवा नायोबियम घालून कार्बन व नायट्रोजन दोन्ही बांधून टाकतात.

आता तुम्ही विचार करा :

१. पत्रा उन्हाळ्यात गोदामात ठेवला तर दोष लवकर परत येतो. का बरे?

२. पत्रा थोडासाच ताणला जातो तेथे पट्टे दिसतात. जेथे तो पुष्कळ ताणला जातो, तेथे ते का दिसत नाहीत? (सूचना : पट्टे पसरत पसरत एकमेकांना मिळाले, तर काय होईल?)