टॉवरच्या भिंतीवर गिरणगाव

प्रश्न : लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला. रस्त्याकडच्या भिंतीवर जुन्या वस्तीचं भित्तिचित्र करायचं ठरतंय. खर्च बिल्डर देणार आहे. काम कसं द्यावं?

उत्तर : बिल्डर पैसे देतो म्हणून चित्रही त्याच्या ब्रोशरसारखं होऊ देऊ नका. चित्रकार सोसायटीने निवडावा. चार जणांकडून फुकट स्केचेस मागवायची पद्धत मला पटत नाही. दोघांना मानधन देऊन कच्ची रेखाटनं करून घ्या. त्याआधी त्यांना जुन्या रहिवाशांसोबत बसवा. गिरणीची चिमणी आणि भोंगा कुणीही काढेल. खाणावळ चालवणाऱ्या बायका, गावकीच्या खोल्या, पाळीनुसार झोपायची जागा, भजनी मंडळ, 1982चा गिरणी संप हे तुमच्याच माणसांकडून कळेल. संप दाखवायचा की नाही यावर वाद होईल. होऊ द्या, पण रंग लागण्याआधी.

नवं प्लास्टर महिनाभर तरी सुकू द्या. त्यातला क्षार रंग खातो, म्हणून क्षाररोधक प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन वापरा. काम दिवाळीनंतर काढा. तळाच्या दोनेक फुटांत चेहरे नकोत. पावसाचे शिंतोडे तिथेच बसतात.

करारात देखभाल कोणाकडे, हे लिहा. भिंत तुमची असली तरी कॉपीराइट कायद्याचं कलम 57 चित्रकाराला नैतिक हक्क देतं. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढलं होतं; त्या प्रकरणात 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना 5 लाखांची भरपाई मंजूर केली. पुढे भिंत पाडायची वेळ आली तर काय, हे आजच ठरवा.