आधी टाकी, मग मोटर

घरासाठी मोटर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, “किती एचपी?” खरं तर हा तिसरा प्रश्न. मोटर पाणी ओढणार कुठून, हा पहिला आणि ते किती उंच चढवायचं, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं हातात असली की एचपी आपोआप ठरतो. साध्या एकमजली-दुमजली घराला बहुतेक वेळा अर्धा एचपी पुरतो.

भिवंडीत पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा. शहराला मुख्यतः ‘स्टेम’ या पाणीपुरवठा कंपनीचं पाणी येतं. ते उल्हास नदीतून शहाडला उचललं जातं आणि टेमघरला शुद्ध होतं. थोडं पाणी मुंबई महापालिकेकडून मिळतं, थोडं कामतघरच्या वऱ्हाळा तलावातून. मुंबईला जाणारं बरंच पाणीही याच तालुक्यात पिसेला उपसलं जातं आणि पांजरापूरला शुद्ध होतं. पण आपल्या नळाला पाणी येतं ते ठरल्या वेळीच आणि ठरल्याहून कमी दाबानं. मग घराघरांतून एकच तोडगा निघतो : नळाच्या लाइनलाच मोटर जोडायची.

ते करू नका. नियमात बसत नाही, मोटर जप्त होते, हे तर आहेच. खरं कारण जमिनीखाली आहे. आपल्या गल्ल्यांत नळाचा पाइप गटाराला खेटून जातो आणि कुठे ना कुठे सांध्यातून झिरपतो. आत दाब असेतो पाणी बाहेर येतं, एवढंच नुकसान. पण मोटरीनं ओढ लावली की आतला दाब उणे होतो आणि त्याच फटीतून गटाराचं पाणी आत शिरतं. शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, म्हणून तोही मोटर बसवतो, आणि मग सगळी गल्ली एकमेकांच्या गटाराचं पाणी ओढत बसते. नळ आपल्या दाबानं आपल्या खालच्या टाकीत पडू द्या. मोटरीचा संबंध फक्त त्या टाकीशी.

खालची टाकी

आकार ठरवायला सरकारी नियोजनातलं माप धरा : शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर. पाच माणसांचं घर असेल तर ६७५ लिटर. एखादा दिवस पाणी येणार नाही हे गृहीत धरायचं, म्हणजे खाली १५०० लिटर आणि वर १००० लिटर ही जोडी बरी पडते. जागा नसेल तर खाली हजार चालेल, त्याहून कमी नको.

जमिनीत बांधलेली टाकी असेल तर तिची जागा संडासाच्या टाकीपासून आणि गटारापासून शक्य तितकी लांब ठेवा, आणि झाकणाचा कठडा जमिनीपेक्षा निदान फूटभर वर घ्या. कामवारी नदी आणि खाडीची भरती एकत्र आली की तीनबत्ती बाजारासारख्या सखल भागांत काय होतं, ते भिवंडीकराला सांगायला नको. २६ जुलै २००५चा पूर ज्यांनी पाहिला, ते झाकण जमिनीच्या पातळीत कधीच ठेवणार नाहीत. पुराचं पाणी एकदा टाकीत गेलं की सगळं उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून पुन्हा पहिल्यापासून. प्लास्टिकची टाकी जमिनीवरच ओटा करून ठेवता आली तर आणखी उत्तम.

नळाच्या तोंडाशी बॉलकॉक बसवा, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद. झाकण घट्ट हवं. फट राहिली की डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.

वरची टाकी

हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकी स्लॅबच्या मधोमध नको. खाली कॉलम किंवा बीम आहे तिथे ठेवा. पत्र्याच्या छपरावर किंवा जुन्या लाकडी माळ्यावर हा भार टाकायचा विचारही नको. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. आपली इमारत तिच्यात असेल तर टाकीची जागा आधी इंजिनिअरला दाखवा, मग दुकानात जा.

प्लास्टिकच्या टाकीला तळाखाली सपाट, सलग आधार लागतो. चार विटांवर ठेवलेली टाकी वर्षभरात बुडाशी चिरते. टाकीवर आयएस १२७०१ ही खूण पाहून घ्या. तिला जोड चार : वरून मोटरीचं पाणी, त्याच्या थोडं खाली ओव्हरफ्लो, तळापासून दोन इंच वर घरातला नळ, आणि अगदी तळाशी गाळ काढायचा कॉक. हा चौथा जोड मिस्त्री हमखास विसरतात. आणि ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपपेक्षा जाड हवा, त्याच मापाचा नको.

मोटर

उंची मोजायची ती खालच्या टाकीच्या तळापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत. समजा टाकी दोन मीटर खोल, गच्ची सात मीटरवर, वर ओटा आणि टाकी मिळून दोन मीटर : झाले अकरा. पाइप आणि एल्बोच्या घर्षणाचे एक-दोन मीटर धरून तेरा. आता मोटरीच्या पाटीवर किंवा कागदावर बघा, तेरा मीटरला ती ताशी किती लिटर देते. पाटीवर मोठ्या अक्षरांत असतं ते ‘कमाल हेड’. त्या उंचीवर पाणी जवळजवळ शून्य निघतं. ग्राहक नेमका त्याच आकड्याला भुलतो.

घरगुती कामाला मिळते ती बहुतेक सेल्फ-प्रायमिंग मोनोब्लॉक, तोंड एक इंची. तेरा मीटरला ताशी हजार ते पंधराशे लिटर देणारी अर्ध्या एचपीची मोटर पाहा. ताशी पंधराशेनं हजार लिटर टाकी चाळीस मिनिटांत भरते, वीज निम्म्या युनिटच्या आसपास. एक एचपीची घेतली तर वेळ वाचेल, पण बारीक पाइपमध्ये तिची ताकद घर्षणातच जाईल.

सक्शनची बाजू

इथे घाई करायची नाही. मोटर पाणी उचलत नाही या दहातल्या आठ तक्रारींचं मूळ सक्शनच्या, म्हणजे टाकीतून मोटरीकडे येणाऱ्या पाइपात सापडतं. कारण साधं आहे. मोटर पाणी खेचत नाही. ती पाइपातली हवा काढते आणि बाहेरचा हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो दाब तत्त्वतः दहा मीटर पाणी चढवू शकतो, प्रत्यक्षात सहा-सात. आणि पाइपात सुईएवढी फट असली तरी मोटर त्या फटीतून हवाच ओढत राहते. डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या बाजूची गळती दिसते, फरशी ओली होते. सक्शनची गळती दिसत नाही, कारण तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते.

म्हणून असं करा :

मोटर टाकीच्या जितकी जवळ बसेल तितकी जवळ ठेवा. जमिनीपासून दोन फूट उंच सिमेंटचा ओटा, त्यावर रबरी पट्टी, मग बोल्ट. रबर नसलं तर रात्री अकराला मोटर लावली की खालच्या खोलीतली भांडी वाजतात.

सक्शनचा पाइप मोटरीच्या तोंडाच्या मापाचाच. एक इंचाला पाऊण इंच जोडायचा नाही. टाकीकडून मोटरीकडे येताना तो किंचित चढता राहू द्या. मध्ये कुठे उंचवटा झाला की तिथे हवा धरते आणि निघत नाही. एल्बो एकच, फार तर दोन. टोकाला फूटव्हॉल्व्ह, तो तळापासून अर्धा फूट वर, नाहीतर गाळ ओढला जाईल.

यूपीव्हीसीचा पाइप चिकटवताना करवतीनं सरळ कापा, कडेचा बुरा पॉलिश पेपरनं काढा, दोन्ही भाग पुसा, सोल्यूशन दोन्हीकडे लावा, आत दाबताना पाव फेरी फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. पाइप बाहेर सरकू पाहतो, म्हणून धरायचं. आट्यांवर टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा. उलट गुंडाळला तर जोड घट्ट करताना उलगडतो. मोटरीच्या धातूच्या तोंडात प्लास्टिकचे आटे पिळू नका. पितळी आट्यांचा अडॅप्टर वापरा. मोटरीच्या दोन्ही बाजूंना युनियन लावा. दुरुस्तीला मोटर काढायची वेळ येते तेव्हा युनियन नसलेल्या घरात पाइप कापावा लागतो.

डिलिव्हरी

मोटरीनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग सरळ वर. भिंतीला दर चार फुटांवर क्लॅम्प. पाइप टाकीत वरून शिरेल आणि त्याचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर राहील असं बघा.

काही मिस्त्री वरच्या टाकीतही बॉलकॉक बसवतात. टाकी भरली की तो पाणी अडवतो आणि मोटर बंद तोंडावर चालत राहते. या छोट्या सेल्फ-प्रायमिंग मोटरींना हे अजिबात सोसत नाही : तोंड बंद केलं की त्यांच्यावरचा भार वाढतो आणि वायंडिंग जळतं. शेतावरच्या मोठ्या पंपाचं उलट असतं, तिथे कॉक बंद ठेवून सुरू करतात. ती सवय घरच्या मोटरीला लावू नका. वरच्या टाकीत हवा तो फ्लोट स्विच, जो मोटरच बंद करतो. दुसरा फ्लोट खालच्या टाकीत, पाणी संपलं की थांबवणारा. कोरडी चाललेली मोटर काही मिनिटांतच सील गमावते. दोन्ही फ्लोट एकामागून एक जोडायचे. तीन वायरींपैकी कोणत्या दोन घ्यायच्या हे फ्लोटवरच्या चिठ्ठीत असतं आणि वरच्या-खालच्या टाकीला ते वेगळं असतं.

वीज

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्याला सांगायचं ते असं : मोटरीला वेगळी लाइन, तीन तारी तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अर्थिंग मोटरीच्या बॉडीला, ते पाण्याच्या पाइपवर नको. पाइप आता प्लास्टिकचे, त्यांतून करंट जमिनीत जात नाही. स्विच हात सुका राहील अशा जागी.

२००७ पासून भिवंडीत वीजवाटप टोरंट पॉवर पाहते, पण आपल्या घराच्या सॉकेटपर्यंत व्होल्टेज किती पोचतं हे शेजारच्या पॉवरलूमवर आणि घरातल्या जुन्या वायरिंगवर अवलंबून असतं. मल्टिमीटर लावून मोटर चालू असताना मोजा. १८० च्या खाली गेलं तर बंद करा. व्होल्टेज घटलं की मोटर जास्त करंट घेते आणि तापते.

लूमच्या वस्तीत आणखी एक गोष्ट. हवेत तरंगणारे कापसाचे तंतू मोटरीच्या मागच्या पंख्याच्या जाळीवर बसतात. महिन्याभरात जाळीवर पांढरी गादी तयार होते, हवा अडते. महिन्यातून एकदा वीज बंद करून रंगाच्या कोरड्या ब्रशनं ती झाडायची. मोटर झाकायला गोणपाट टाकणारेही आहेत. पाऊस अडवायला वर पत्रा ठोका, मोटरीच्या अंगावर काही नको.

पहिल्यांदा चालवताना

सोल्यूशनचे जोड रात्रभर सुकू द्या. मोटरीवरचा प्रायमिंगचा बूच काढून पाणी ओता, बुडबुडे थांबून पाणी काठाशी येईपर्यंत. बूच घट्ट करा, डिलिव्हरीच्या लाइनवर कॉक असेल तर तो पूर्ण उघडा, मग बटण. एक-दोन मिनिटांत वर पाणी पडलं पाहिजे. नाही पडलं तर बंद करा. तशीच चालू ठेवून ‘येईल येईल’ म्हणत बसू नका. पुन्हा पाणी ओता. ओतलेलं पाणी उतरत राहिलं तर फूटव्हॉल्व्ह पाणी सोडतोय. उतरत नाही तरी उचलत नाही, तर सक्शनच्या जोडांवर साबणाचा फेस लावून मोटर क्षणभर चालवा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे फट.

पाणी आलं की बादली आणि घड्याळ घ्या. पंधरा लिटरची बादली छत्तीस सेकंदांत भरली तर ताशी पंधराशे लिटर. हा आकडा टाकीवर खडूनं लिहून ठेवा. पुढे कधी भरायला पन्नास सेकंद लागले तर गाळ किंवा झीज समजायची.

नवी टाकी वापरण्याआधी हजार लिटरला दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचं पाणी टाकीत सोडा. रात्रभर ठेवा, सकाळी सगळे नळ उघडून ते पाणी सोडून द्या, एकदा साध्या पाण्यानं धुवा. पुढे दर सहा महिन्यांनी टाकी घासायची. जमिनीतल्या टाकीत माणूस उतरणार असेल तर झाकण आधी बराच वेळ उघडं, मोटरीची वीज बंद, आणि वर दुसरा माणूस उभा हवाच. बंद टाकीत हवा कुजते आणि उतरणारा हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो.

मे महिन्यात गावाला जाऊन आलात, बटण दाबलं, आणि मोटर नुसती घूं घूं करते, फिरत नाही, तर लगेच बंद करा. पितळी इम्पेलर आणि आतली भिंत यांत केसाएवढी जागा असते, तिथे क्षार धरून तो जॅम झालेला असतो. वीज पूर्ण तोडा. पंख्याच्या बाजूला, जाळीच्या मधोमध, शाफ्टच्या टोकाला खाच असते. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर घालून दोन्हीकडे हलवा. जोर लागला तरी ठोकायचं नाही. एकदा सुटला की पाच-सहा फेऱ्या मोकळ्या फिरवा, स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढा, बूच उघडून पाणी भरा, आणि मग बटण.