गोष्ट आईची, गोष्ट बाबांची. झोपेची वेळ मात्र एकच

प्रश्न : आम्ही अकोल्यात राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे. रात्री साडेआठला मी तिला जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवते. एक गोष्ट झाली की दिवा बंद. तिचे बाबा दुकान बंद करून साडेनऊला येतात आणि मेळघाटातल्या वाघाची गोष्ट सुरू करतात. बाबा डरकाळ्या फोडतात, ही पलंगावर उड्या मारते आणि अकरा वाजतात. सासूबाई वऱ्हाडीतून सांगतात ते वेगळंच. मुलीच्या भाषेची गल्लत होईल का? आणि आम्हा दोघांत बरोबर कोण?

उत्तर : ताई, गोष्ट सांगण्यात तुम्ही दोघंही बरोबर आहात. दुरुस्ती हवी आहे ती वेळेत.

आधी तुमचं वाचन. घरातल्या रोजच्या बोलण्यात ‘जेव’, ‘चल’, ‘दप्तर कुठंय’ असेच शब्द फिरत राहतात. पुस्तकात मात्र मुलीला घनदाट, कुतूहल, लुकलुकणं असे शब्द भेटतात. चित्रावर बोट ठेवून तुम्ही “हा का रडतोय?” असं विचारता, तेव्हा ती कारण शोधायला शिकते. तेच पुस्तक ती रोज मागत असेल तर कंटाळू नका. पुन्हा पुन्हा ऐकूनच लहान मुलांचे शब्द पक्के होतात.

आता बाबांची गोष्ट. समोर पुस्तक नसल्यामुळे मुलगी बाबांच्या चेहऱ्याकडे बघते आणि प्रसंग मनात उभा करते. वाघ सिपना नदीवर पाणी प्यायला आला, की “मंग?” म्हणून ती विचारते. बाबांनी तोच प्रश्न तिला परत विचारावा आणि पुढची गोष्ट तिला रचू द्यावी. आधी काय झालं, नंतर काय झालं, हे जुळवून सांगण्याची सवय पुढे शाळेत लिहिताना उपयोगी पडते.

आजींना वऱ्हाडीतच सांगू द्या. घरात दोन बोली किंवा दोन भाषा असल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही. कुणाशी कसं बोलायचं हे मुलं आपसूक शिकतात. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या आईबाबांनाही मी हेच सांगेन, की तुमच्या भाषेत मनमोकळं सांगा. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्याचं नातं आहे, त्या म्हाइंभटांच्या तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त शेणाच्या आणि मेणाच्या घराची गोष्ट सापडते. ती इतकी शतकं टिकली, कारण घराघरात कुणीतरी ती लेकरांना आपल्या बोलीत सांगत राहिलं.

झोपेचा हिशेब

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. रात्री अकराला झोपून सकाळी सातला उठणाऱ्या मुलीची आठच तास झोप होते. झोप अपुरी पडली की चिडचिड, हट्ट, वर्गात लक्ष नसणं हे सगळं मागोमाग येतं. मुलांच्या झोपेचा विचार करूनच राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. पण सकाळी मिळालेला तास रात्री जागण्यात गेला, तर त्याचा फायदा काय?

चौदा देशांतल्या दहा हजारांहून अधिक आयांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातल्या जितक्या जास्त रात्री झोपण्याआधीचा क्रम ठरलेला, तितकी मुलांची झोप चांगली असल्याचं त्यात दिसलं. म्हणून घरात हा क्रम लावून पाहा :

• आठ वाजेपर्यंत जेवण, मग दात घासणं. त्यानंतर गोष्ट ऐकताना दुधाची बाटली किंवा बिस्किट नको, दात किडतात.
• साडेआठला दिवा मंद करून एक किंवा दोन गोष्टी. किती, ते आधीच सांगा आणि पाळा.
• नऊला दिवा बंद. सुट्टीतही अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक नको. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तरी हाच नियम.
• डरकाळ्या आणि उड्या संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी. बाबांनी रात्री सव्वाआठला दुकानातून फोन करून पाच मिनिटं वाघाची खबर दिली तरी मुलगी खूश होईल. बाबांची गोष्ट बंद करू नका, तिची जागा बदला.

भीती आणि मोबाइल

या वयात अंधाराची, भुतांची भीती वाटणं स्वाभाविक आहे. वाघाची गोष्ट रात्री सांगायचीच झाली तर शेवटी सगळे सुखरूप घरी पोचू द्या. “झोप, नाहीतर बुवा येईल” असं कुणीही म्हणू नये. आणि शिक्षा म्हणून गोष्ट कधी बंद करू नका.

थकलेल्या दिवशी मोबाइलवर गोष्ट लावून द्यायचा मोह होतो. त्याऐवजी दोनच मिनिटांची गोष्ट सांगा. झोपण्याआधीच्या तासात प्रखर उजेड पडला, तर झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहान मुलांच्या शरीरात फार कमी होतं. शिवाय मोबाइल मुलाच्या “मंग?”ला उत्तर देत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मते दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासाभराहून जास्त नको.

डॉक्टरांना कधी दाखवाल?

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, रोज घोरत किंवा तोंडाने श्वास घेत असेल, किंवा वारंवार किंचाळत उठत असेल, तर थांबू नका. बोलण्याची किंवा हाकेला न बघण्याची अडचण असेल तर आधी कानांची तपासणी करून घ्या. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही हे सांगता येतं.

आज मुलगी झोपल्यावर तुम्ही दोघांनी आणि सासूबाईंनी बसून दिवा बंद करायची वेळ ठरवा आणि दोन आठवडे ती पाळा. सकाळी एका हाकेत ती उठू लागली आणि दिवसभर हसतीखेळती राहिली, तर झोप पुरेशी होत आहे असं समजा. गोष्ट कोणी, कशी आणि कोणत्या भाषेत सांगायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.