पोहण्याच्या जोडीची विद्या

वाशीम जिल्ह्यातील मुले पोहणे शिकतात ती पैनगंगेच्या किंवा अडाण नदीच्या डोहात, गावच्या विहिरीत, पाठीस रिकामा डबा बांधून. अलीकडे त्यांत शेततळ्यांची भर पडली आहे. प्लास्टिक अंथरलेला शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर येणे कठीण जाते. म्हणून जेथे मुले पोहतात, तेथे काठावर जीवदानाची विद्या जाणणारा कोणी असणे अवश्य आहे.

बुडणाऱ्याचा प्रथम श्वास कोंडतो व प्राणवायूच्या अभावी मग हृदय थांबते. त्यानंतर चार-सहा मिनिटांतच मेंदूस इजा होऊ लागते. दूरच्या गावी रुग्णवाहिका इतक्यात पोचणे कठीण. ही मिनिटे काठावरील माणसांच्याच हातची असतात. परंतु पुष्कळदा ती बुडालेल्यास उलटे धरण्यात, गरगर फिरविण्यात वा पोट दाबण्यात व्यर्थ जातात. पोट दाबल्याने आतील अन्नपाणी वर येऊन फुप्फुसांत शिरण्याचे भय असते.

छाती न उघडता केवळ हातांच्या दाबाने रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे १९६० साली अमेरिकेत कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी दाखविले. त्यास कृत्रिम श्वासाची जोड मिळून आजची पद्धत सिद्ध झाली. तिचा क्रम शिक्षकांनी ध्यानी धरावा :

१. बुडणाऱ्याकडे दोर, बांबू वा धोतर टाकावे. तरबेज नसलेल्याने उडी घेऊ नये.

२. बाहेर काढताच त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवावे. हाक मारून पाहावे, श्वास पाहावा. दुसऱ्याने १०८ क्रमांकास कळवावे.

३. श्वास नसेल, किंवा नुसते आचके असतील, तर हनुवटी उचलून, नाक दाबून, तोंडाने दोन श्वास द्यावेत.

४. छातीच्या मध्यभागी तळहाताने, मिनिटास १०० ते १२० या गतीने, ३० दाब द्यावेत. पुन्हा २ श्वास. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर, तर मुलाची तिच्या जाडीच्या एक तृतीयांश दबावी. श्वास परत येईपर्यंत वा मदत पोचेपर्यंत थांबू नये.

५. शुद्धीवर आला तरी त्यास दवाखान्यात न्यावे.

केवळ वाचनाने हात तयार होत नाही. शिक्षकांनी आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून ही क्रिया शिकून पुतळ्यावर सराव करावा. जिवंत माणसाच्या छातीवर कदापि करू नये. वरच्या वर्गांतील मुलांस निदान दोर टाकणे, मोठ्यांस बोलावणे व १०८ क्रमांक एवढे तरी मुखोद्गत असावे. हा पाठ उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी व्हावा. कारण सुटीत मुले पाण्याकडे धावतात, तेव्हा शिक्षक जवळ असतोच असे नाही.