आकडा मोठा की काम मोठे?

प्रास्ताविक

वस्तू विकत घेताना आपण पुष्कळदा तिच्यावर छापलेला एखादा आकडा पाहून निर्णय घेतो. आकडा खरा असतो. परंतु तो नेमके काय सांगतो, हे समजून घेतले नाही तर खरी माहितीही फसवी ठरते. प्रस्तुत पाठात लॅपटॉपच्या दोन प्रोसेसरांची तुलना दिली आहे. ती वाचताना तुलना कशी करावी, याकडे विशेष लक्ष द्या.

मूळ पाठ

लक्ष्मीबाई नगर ही दक्षिण दिल्लीतील सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. झाशीच्या राणीचे नाव तिला लाभले आहे. अशी कल्पना करा, की २००४ साली तेथे राहणारे एक मराठी गृहस्थ आपल्या मुलीसह नेहरू प्लेसच्या संगणक-बाजारात गेले आहेत. मुलीचे शिक्षण मध्येच सुटले होते. आता घरी टंकलेखनाची व हिशेबाची कामे करून ती परीक्षेला बसणार आहे. वडिलांनी वर्षभर बाजूला टाकलेली रक्कम खिशात आहे. दुकानदार सारख्याच किमतीचे दोन लॅपटॉप समोर ठेवतो. एकात २.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४-एम आहे, तर दुसऱ्यात १.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम.

“बाबा, पहिलाच घेऊ या. तो दीडपट वेगवान आहे.”

“आकडा दीडपट आहे, एवढे दिसते. काम दीडपट होते का, ते आधी पाहू. पैसे एकदाच खर्च व्हायचे आहेत.”

वडिलांची शंका रास्त होती. गिगाहर्ट्झ हे माप प्रोसेसरची स्पंदने मोजते. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियमची स्पंदने सेकंदाला सहा कोटींच्या घरात होती. पुण्यात जन्मलेले व दिल्लीत अभियांत्रिकी शिकलेले विनोद धाम यांचा त्याच्या निर्मितीत प्रमुख वाटा होता. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी स्पंदने आणि १.६ म्हणजे १६० कोटी. एकाच रचनेचे दोन प्रोसेसर असतील, तर अधिक स्पंदनांचा प्रोसेसर सामान्यतः अधिक काम करतो. परंतु येथे रचनाच भिन्न होत्या.

विहिरीवरून पाणी आणणाऱ्या दोघांचे उदाहरण घेऊ. एक जण पाच लिटरची कळशी घेऊन सहा खेपा करतो. दुसरा आठ लिटरची घागर घेऊन चारच खेपा करतो. पहिल्याचे पाणी ३० लिटर भरते, दुसऱ्याचे ३२. खेपा मोजल्या तर पहिला पुढे, पाणी मोजले तर दुसरा!

पेंटियम ४ मध्ये प्रत्येक आज्ञेचे काम सुमारे वीस लहान टप्प्यांत वाटलेले होते. टप्पा लहान असल्याने तो लवकर उरकतो आणि स्पंदने वाढवता येतात. मात्र बांधकामावर घमेली पुढे देणाऱ्या मजुरांची लांबलचक रांग आठवा. वाळू नको, खडी हवी होती, हे रांगेच्या टोकाला कळले, तर मधली सारी घमेली रिकामी करावी लागतात. पुढील आज्ञेविषयी प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला, की असेच घडते. २००३ साली आलेल्या पेंटियम एममध्ये ही रांग आखूड ठेवली होती. शिवाय हाताशी लागणारी माहिती साठवण्यासाठी त्यात एक मेगाबाइट जागा होती. पेंटियम ४-एममध्ये तिच्या निम्मी. परिणामी नित्याच्या अनेक कामांत तो २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४-एमची बरोबरी करी. चित्रफितींचे रूपांतर करण्यासारख्या, एकाच प्रकारे अखंड चालणाऱ्या कामांत मात्र पेंटियम ४ ची रचना उपयोगी पडे.

उष्णतेचा हिशेबही महत्त्वाचा होता. भरपूर काम असताना पहिल्यासाठी सुमारे ३५ वॅटची, तर दुसऱ्यासाठी साधारण २४.५ वॅटची तजवीज करावी लागे. कमी वीज खाणारा प्रोसेसर बॅटरीवर अधिक काळ चालतो. उन्हाळ्यात वीज गेल्यावरही ज्या मुलीला घेतलेले काम वेळेवर पोहोचवायचे आहे, तिच्यासाठी ही गोष्ट गौण नव्हती. तिने दोन्ही लॅपटॉपवर हिशेबाची तीच पत्रके उघडून पाहिली. वेळात फरक जाणवला नाही. तिने दुसरा लॅपटॉप निवडला.

पुढे काळानेही हाच कौल दिला. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला आणि २००६ पासूनच्या ‘कोअर’ प्रोसेसरांनी पेंटियम एमचीच वाट पुढे नेली. आज गिगाहर्ट्झच्या जोडीला गाभ्यांची संख्याही जाहिरातीत झळकते. नियम मात्र तोच आहे : काम तेच ठेवावे, स्मृती व इतर परिस्थिती शक्यतो समान ठेवावी, मोजणी एकाहून अधिक वेळा करावी आणि आपल्याला जे काम करायचे आहे, त्याच कामाने पारख करावी.

शब्दार्थ

स्पंदन – ठोका. रास्त – योग्य. तजवीज – व्यवस्था. गौण – कमी महत्त्वाचे. कौल – निर्णय

स्वाध्याय

१. ‘आकडा खरा असूनही फसवा ठरतो’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. घमेल्यांच्या रांगेच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगायचे आहे?
३. एकाच कामाला एका लॅपटॉपवर १२ मिनिटे आणि दुसऱ्यावर ९ मिनिटे लागली. दुसरा किती पट वेगवान?
४. मुलीला चित्रफितींचे काम करायचे असते, तर तिचा निर्णय बदलला असता का? आपले मत सकारण लिहा.
५. तुमच्या घरातील एखादी वस्तू घेताना कोणता आकडा पाहिला होता? तो पुरेसा होता का? आठ ते दहा ओळी लिहा.